भर समुद्रातल्या मनोऱ्यावर माणूस चढतो कसा?

कारवारच्या नौदल तळाच्या बातम्या आता बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांतही लक्ष देऊन वाचल्या जातात. आयएनएस कदंब हा तळ २००५ साली सुरू झाला, तळ उभारणाऱ्या सी-बर्ड प्रकल्पाचा विस्तार चालू आहे, आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीची सवय असलेल्या आपल्या भागातली मुले आता नौदलाचेही अर्ज भरतात. बातम्यांत जहाजे येतात, पाणबुड्या येतात. त्यांच्यामागचे संशोधन कुठे चालते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्यातला एक विलक्षण प्रकार म्हणजे किनारा नजरेआड झाल्यावर, भर समुद्रात, पोलादी पायांवर उभा केलेला मनोरा. तिथे माणसे राहतात, जेवतात, झोपतात आणि समुद्र ऐकतात.

हे सांगू लागले की ऐकणारा हमखास विचारतो, "पण तिथं जातात कसं?" प्रश्न साधा वाटतो, पण माझ्या मते या विषयातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. मनोरा कुठे बांधायचा, किती उंच ठेवायचा, वर किती माणसे ठेवायची, कोणते प्रयोग करायचे आणि शेवटी तो कधी सोडून द्यायचा, हे सगळे ठरवताना होडीतून मनोऱ्यावर पाऊल कसे ठेवायचे, हा विचार टाळता येत नाही.

असे मनोरे कुठे होते?

सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकी नौदलाचे. अटलांटिक महासागरात बर्म्युडा बेट आहे. त्याच्या नैर्ऋत्येला चाळीस-पन्नास किलोमीटरवर समुद्राचा तळ एकदम वर आलेला आहे. चहूबाजूंना हजारो मीटर खोल पाणी आणि मध्ये जेमतेम ६० मीटर. या पाण्याखालच्या पठाराचे नाव प्लँटाजेनेट बँक. १९६० साली अमेरिकी नौदलाने तिथे मनोरा उभारला आणि त्याला आर्गस आयलंड असे नाव दिले. १९७६ साली तो पाडून टाकला.

कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटरवर, १८ मीटर पाण्यात, १९५९ साली नौदलाने एक लहान मनोरा बांधला होता. १९८८ च्या जानेवारीत एका वादळाने तो आडवा केला. फ्लोरिडात पनामा सिटीजवळ पाणसुरुंगांच्या अभ्यासासाठी दोन मंच होते. त्यांतला दूरचा मंच किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर होता. म्हणजे हा एखाद्या हौशी माणसाचा एकच प्रयोग नव्हता. एका काळात नौदलांना असे मनोरे खरोखर हवे होते.

नौदलाला समुद्र ऐकायचा कशासाठी असतो?

पाण्यात प्रकाश फार लांब जात नाही. दोनशे मीटर खोलीच्या खाली जवळजवळ काळोखच असतो. रडारच्या आणि रेडिओच्या लहरी तर खाऱ्या पाण्यात लगेच विरतात. ध्वनी मात्र पाण्यात मैलोन् मैल जातो, आणि हवेपेक्षा चौपट वेगाने जातो. हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर, समुद्रात सुमारे १५०० मीटर. म्हणून पाण्याखाली शत्रूची पाणबुडी शोधायची तर ध्वनीचाच आधार. आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारी, किंवा नुसतीच कान लावून बसणारी जी यंत्रणा, तिला सोनार म्हणतात.

अडचण अशी की समुद्रात आवाज सरळ रेषेत जात नाही. पाणी गरम असेल तर त्याचा वेग वाढतो, गार असेल तर कमी होतो, आणि कमी वेगाच्या थराकडे तो वाकतो. एप्रिलमध्ये विहिरीत उतरलेल्या माणसाला हे थर अंगाला कळतात: वरचे हातभर पाणी कोमट, पायांना मात्र गारवा. समुद्रातही उन्हाने वरचा थर तापतो. मग जहाजावरून सोडलेला आवाज खालच्या गार पाण्याकडे वळतो, आणि थोड्या अंतरापुढे वरच्या भागात एक मुका पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात पाणबुडी असली तरी सोनारला तिचा पत्ता लागत नाही.

१९३० च्या दशकात अमेरिकी नौदलात हे प्रत्यक्ष घडत होते. सकाळी नीट चालणारे सोनार दुपारी कमजोर पडायचे. जेवणानंतर चालवणाऱ्यांना सुस्ती येत असावी, असा संशय आधी माणसांवर घेतला गेला. पुढे पाण्याचे तापमान मोजल्यावर कळले की दोष दुपारच्या उन्हाचा होता. ही हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. कारण यंत्र उत्तम आणि चालवणारा हुशार असूनही, पाण्याची माहिती नसेल तर दोघेही निरुपयोगी, हे नौदलाला तेव्हा कळले.

आपल्या अरबी समुद्रात तर हे थर ऋतूप्रमाणे बदलतात. मार्च ते मे वरचा थर तापून पातळ राहतो. पावसाळी वारा सुटला की पाणी खोलवर ढवळून निघते. म्हणजे मे महिन्यात मोजलेले आकडे जुलैत उपयोगाचे नाहीत. समुद्र एकदा मोजून भागत नाही, वर्षानुवर्षे मोजत राहावे लागते.

मग जहाज आहे की! मनोरा कशाला?

ही शंका रास्त आहे. जहाज हवे तिथे जाते आणि वादळ आले तर परतते. पण मोजमापासाठी त्यात दोन उणिवा आहेत. एक म्हणजे ते हलते. लाटेबरोबर वरखाली, वाऱ्याबरोबर आडवे, प्रवाहाबरोबर पुढे. पाण्याच्या तापमानातला अर्ध्या अंशाचा फरक कोणत्या खोलीवर आहे, हे नोंदवायचे आणि तापमापकाची दोरी ज्याला बांधली ते जहाजच दोन मीटर वरखाली होत असेल, तर त्या नोंदीत पाण्याचा भाग किती आणि जहाजाचा किती, ते वेगळे काढणे कष्टाचे होते. दुसरे म्हणजे जहाज गोंगाट करते. इंजिन, पंप, पंखा, लाटांचा तडाखा, सगळे पाण्यात उतरते. ऐकायला गेलेला माणूस स्वतःच बडबड करत असेल तर ऐकणार काय?

तळात पाय रोवलेला मनोरा हलत नाही, निदान जहाजासारखा तरी नाही. त्याच जागी वर्षभर मोजता येते. तळावर अंथरलेल्या तारा कायमच्या जोडून ठेवता येतात. आर्गस आयलंडचे मुख्य काम हेच होते. आर्टेमिस नावाच्या प्रकल्पात अमेरिकी नौदलाला पाहायचे होते की प्रचंड ताकदीचा, खर्जातला आवाज समुद्रात सोडला तर सुमारे ९०० किलोमीटरवरची पाणबुडी सापडते का. आवाज सोडायचे काम मिशन कॅपिस्ट्रानो नावाच्या, मूळच्या तेलवाहू जहाजाकडे होते. ऐकणारी उपकरणे, म्हणजे हायड्रोफोन, प्लँटाजेनेट बँकेच्या उतारावर खोल पाण्यात लावली होती, आणि त्यांच्या तारा मनोऱ्यावर येत होत्या. शिवाय मनोऱ्यावर वीज लागते, विजेसाठी जनरेटर लागतो आणि जनरेटर घरघरतो. म्हणूनही ऐकणारी उपकरणे लांब असलेली बरी. आर्टेमिसमधून युद्धात वापरता येईल अशी यंत्रणा उभी राहिली नाही, पण लांब पल्ल्याचा आवाज समुद्रात कसा पसरतो याचे ज्ञान मोठे मिळाले.

लाटा त्याला पाडत कशा नाहीत?

मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात सापडलेला लग्नाचा मांडव डोळ्यांसमोर आणा. बांबू बहुधा उभे राहतात, कारण वारा त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून जातो. फाटते ती कनात, आणि कनात घट्ट बांधलेली असेल तर ती बांबूंनाही सोबत घेऊन जाते. समुद्रातल्या मनोऱ्याचे गणित हेच आहे. पाय सडपातळ ठेवायचे, म्हणजे लाट त्यांच्यामधून निघून जाईल. राहण्याच्या खोल्या आणि यंत्रे, म्हणजे कनातीची जागा, इतक्या उंचीवर न्यायची की सर्वांत मोठ्या लाटेचा माथाही तिथे पोचू नये. माथा एकदा का त्या वरच्या मजल्याच्या, म्हणजे डेकच्या, तळाला लागला, की सगळे पाणी एका सपाट भिंतीवर आदळते आणि तो मार पायांना सोसवत नाही.

म्हणून डेक शक्य तितका उंच हवा. पण डेक जितका उंच, तितका होडीपासून लांब. वादळापासून वाचवणारी उंचीच रोजच्या येण्याजाण्याच्या आड येते, आणि इथूनच खरी पंचाईत सुरू होते.

उंचीचा अंदाज चुकला किंवा पाय कच्चे राहिले तर काय होते, याचे दुःखद उदाहरण त्याच काळातले आहे. ते नौदलाचे नव्हते, अमेरिकी वायुदलाचे होते. न्यूयॉर्कच्या समोर अटलांटिकमध्ये, सुमारे ५६ मीटर पाण्यात, तीन पायांवर उभे केलेले रडार केंद्र. नाव टेक्सस टॉवर ४. त्याच्या पायांना जोडणाऱ्या तिरप्या आधारांना समुद्रात नेतानाच इजा झाली होती. वर राहणाऱ्यांना तो सतत हलताना जाणवे. सप्टेंबर १९६० मध्ये डोना चक्रीवादळाने त्याला आणखी खिळखिळे केले. मग बहुतेक माणसे उतरवली, पण डागडुजीसाठी २८ जण वर राहिले. १५ जानेवारी १९६१ च्या रात्री, हिवाळी वादळात, मनोरा कोसळला. मदतीला आलेल्या जहाजाला रडारवर दिसणारा त्याचा ठिपका अचानक नाहीसा झाला. २८ पैकी एकही वाचला नाही.

आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत कास्टिंग आणि वेल्डिंगची कामे करणाऱ्यांना यातले एक कारण वेगळे समजावून सांगायची गरज नाही. पोलाद एका मोठ्या झटक्याने तुटते त्यापेक्षा लाखो लहान झटक्यांनी जास्त वेळा तुटते. आठ सेकंदांना एक लाट धरली तर दिवसाला दहा हजारांहून अधिक लाटा होतात. प्रत्येक लाट जोडाला जरासा ताण देऊन जाते.

शेवटचे दोन मीटर

आता मूळ प्रश्नाकडे. बंदरातून निघालेली होडी मनोऱ्यापाशी पोचली. मनोऱ्याच्या पायाला पाण्यालगत एक छोटा जाळीदार ओटा असतो, त्याला बोट लँडिंग म्हणतात. तिथून वर शिडी. ओटा स्थिर, होडी अस्थिर. मधले अंतर फार तर दोन मीटर.

समजा लाट दोन मीटर उंच आहे आणि दर आठ सेकंदांनी येते. ही काही वादळी लाट नव्हे. होडी आठ सेकंदांत दोन मीटर वर जाते आणि दोन मीटर खाली येते. मधल्या टप्प्यात तिचा वेग सेकंदाला पाऊण मीटरहून अधिक भरतो. फक्त माथ्यावर ती क्षणभर थबकते. हिशेब केला तर माथ्याच्या अलीकडे-पलीकडे मिळून साधारण एक सेकंद असा मिळतो की त्यात होडीची उंची आठ-दहा सेंटिमीटरच बदलते. पाऊल टाकायचे ते त्या एका सेकंदात.

माथ्यावरच का, तळाला का नको? तळालाही होडी थबकतेच. पण तळाला असताना माणसाने शिडी धरली, तर पुढच्या क्षणी होडी वर येते आणि शिडी व होडी यांच्यामध्ये त्याचे पाय चिरडतात. माथ्यावर शिडी धरली तर होडी खाली निघून जाते, माणूस मोकळा राहतो. समुद्रावर काम करणारे हा नियम नवख्याला पहिल्याच दिवशी पढवतात: बोट वर आली की जा, आणि एकदा पाऊल उचलले की थांबू नकोस. उतरतानाही तेच, उलट्या क्रमाने. त्यात उतरणाऱ्याला खाली बघून अंदाज घ्यावा लागतो, म्हणून उतरणे चढण्यापेक्षा अवघड.

हवामान खात्याचा आकडा ऐकतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. लाटेची जी उंची जाहीर होते, ती बहुधा सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. अंदाजात दोन मीटर आहे, याचा अर्थ दिवसभरात एखादी लाट चार मीटरच्या आसपासही येणार. शिवाय लाट नेहमी इथल्याच वाऱ्याची असते असे नाही. दक्षिण महासागरातल्या वादळाने उठलेल्या लांब लाटा हजारो किलोमीटर चालून केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावर येतात, तेव्हा इथे आकाश निरभ्र असते. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था त्याबद्दल इशारे देते. वारा नाही म्हणजे समुद्र शांत, हा घाटावरच्या माणसाचा समज इथे जिवावर बेततो.

दोर, बास्केट, हेलिकॉप्टर

पाऊल टाकण्याला जोड म्हणून वरून एक गाठी मारलेला दोर सोडलेला असतो. तो धरून माणूस होडीतून ओट्यावर झोका घेतो. स्वस्त आणि जुनी रीत, पण लाट लहान असेल तरच.

दुसरी रीत बास्केटची. मनोऱ्यावरची क्रेन जाळीचा एक मोठा पिंजरा होडीच्या डेकवर सोडते. पाहणाऱ्याला आश्चर्य वाटते ते याचे की माणसे पिंजऱ्याच्या आत बसत नाहीत. सामान आत, माणसे बाहेरच्या कडीवर उभी, तोंड आत करून, हात जाळीत अडकवून. कारण बास्केट पाण्यात पडले तर बाहेरचा माणूस हात सोडून सुटतो, आतला गुंतून बुडतो. क्रेनवाल्याचे कसब इथे पणाला लागते. होडी माथ्यावर असताना त्याने उचलायचे. खाली जात असताना उचलले तर बास्केटला झटका बसतो, आणि वर येत असताना उशीर झाला तर होडीच खालून येऊन आदळते.

तिसरी रीत हेलिकॉप्टर. लाटांचा प्रश्न मिटतो, पण धुके, खाली उतरलेले ढग आणि जोराचा वारा हे तिघे नवे पहारेकरी उभे राहतात. शिवाय सगळ्यांत सुरक्षित वाटणारी ही वाटही निर्धोक नाही. २८ जून २०२२ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात सागर किरण या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरले. आत नऊ जण होते, चौघे गेले. समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाला यासाठी आधीच एक प्रशिक्षण घ्यावे लागते. तलावात हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा सांगाडा बुडवून उलटा करतात आणि माणसाने पट्टा सोडून, खिडकीतून, श्वास रोखून बाहेर यायचे असते.

आपल्या देशात या तिन्ही रीती रोज वापरात आहेत, पण तेलाच्या प्लॅटफॉर्मवर. मुंबई हाय हे क्षेत्र १९७४ साली सापडले, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर. तिथे माणसे साधारण चौदा दिवस काम आणि चौदा दिवस सुट्टी अशी राहतात. नौदलाच्या संशोधन मनोऱ्यावरचे जगणे समजून घ्यायचे तर आपल्यासाठी हाच सर्वांत जवळचा नमुना आहे.

वर राहायचे म्हणजे काय?

पाणी सगळीकडे, पण प्यायचे पाणी एकतर पुरवठ्याच्या जहाजातून येणार किंवा खाऱ्याचे गोडे करावे लागणार. डिझेल, भाजी, पीठ, औषधे, सुटे भाग, सगळे क्रेनने वर चढते. पुरवठ्याची बोट चार दिवस लांबली की आधी ताजी भाजी संपते. जनरेटरची घरघर दिवसरात्र. फिरायला जागा म्हणजे डेकची कड, आणि कडेला रेलिंग.

गंज ही तर रोजची लढाई. पाण्यात कायम बुडालेला भाग त्या मानाने सावकाश गंजतो. त्याला जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे जोडतात, आधी ते झिजतात आणि पोलाद वाचते. पण जिथे पाणी उडते आणि सुकते, पुन्हा उडते आणि पुन्हा सुकते, तो लाटेच्या आसपासचा पट्टा सर्वांत लवकर गंजतो. बोट लँडिंग आणि शिडी नेमकी त्याच पट्ट्यात. म्हणजे ज्या पायरीवर माणसाचा जीव अवलंबून, तीच सर्वांआधी कुजते. त्यावर शेवाळ आणि शिंपल्यांचे थर चढतात ते वेगळेच. पायांवर ते इतके साचतात की पाय जाड होतात आणि लाटेचा मारही वाढतो. रंग देणारा, खरवडणारा, नटबोल्ट तपासणारा माणूस अशा ठिकाणी शास्त्रज्ञाइतकाच लागतो. त्याच्याबद्दल कुठे फारसे लिहिले जात नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

आर्गस आयलंडवर तर एकदा मनोऱ्याच्या खालीही घर मांडले होते. जुलै १९६४ मध्ये अमेरिकी नौदलाने सीलॅब १ नावाचा पोलादी कक्ष मनोऱ्याजवळ ५८ मीटर खोल उतरवला आणि रॉबर्ट थॉम्पसन, लेस्टर अँडरसन, रॉबर्ट बार्थ आणि सँडर्स मॅनिंग हे चौघे त्यात राहायला गेले. प्रयोगाचे सूत्रधार नौदलातले डॉक्टर जॉर्ज बाँड. त्या खोलीवर दाब जमिनीवरच्या जवळजवळ सातपट असतो. शरीर त्या दाबाला एकदा मुरले की माणसाला एकदम वर येता येत नाही. एकदम आला तर रक्तात विरघळलेला वायू बुडबुडे होऊन जीव घेऊ शकतो. दाब अगदी हळूहळू उतरवावा लागतो. म्हणजे घर डोक्यावर ५८ मीटरवर दिसत असले तरी तिथवरची वाट लांबच लांब. मुक्काम तीन आठवड्यांचा ठरला होता. वादळ येतेय असे कळल्यावर अकराव्या दिवशी तो आवरता घेतला.

वादळ आले तर निघून का जात नाहीत?

कारण वादळ पोचण्याच्या बरेच आधी वाट बंद होते. चक्रीवादळ अजून शेकडो किलोमीटर लांब असते, पण त्याच्या लाटा आधी येतात, आणि दीड-दोन मीटरपुढे लाट गेली की होडीने माणसे हलवणे जवळपास थांबते. मग हेलिकॉप्टर, तेही वारा परवानगी देईल तोवर. निर्णय घ्यायचा तो सूर्य दिसत असताना, समुद्र बरा असताना, आणि अंदाज चुकला तर कामाचे दिवस फुकट गेल्याचा ठपका सोसायच्या तयारीने. सीलॅबच्या वेळी तो निर्णय वेळेत झाला. टेक्सस टॉवरवर झाला नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबई हायजवळची पी-३०५ ही कामगारांच्या राहण्याची बार्ज, म्हणजे सपाट तळाची नौका, नांगर तुटून वाहत गेली आणि १७ मे रोजी बुडाली. नौदलाच्या जवानांनी खवळलेल्या समुद्रातून शेकड्याहून अधिक माणसे ओढून काढली, तरी सत्तरच्या वर जीव गेले.

येण्याजाण्याचा धोका कसा उलटतो याचे सर्वांत बोलके उदाहरण २७ जुलै २००५ चे. मुंबई हायजवळच्या समुद्र सुरक्षा या जहाजावर एका खानसाम्याची बोटे कापली. पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हते. त्याला उपचार मिळावेत म्हणून जहाज प्लॅटफॉर्मजवळ नेले आणि बास्केटने त्याला वर घेतले. ते नीट पार पडले. मग लाटांत जहाज प्लॅटफॉर्मवर आदळले आणि तेल-वायू वर आणणाऱ्या नळीला धक्का लागला. वायू सुटला, आग लागली, आणि दोन तासांत तो प्लॅटफॉर्म उरला नाही. २२ जण गेले, ३६२ वाचवले. जहाजावरही आग पसरली होती, आणि त्यावरच्या दाब-कक्षात सहा पाणबुडे अडकले होते. सीलॅबमधल्या चौघांसारखेच त्यांनाही एकदम बाहेर येणे शक्य नव्हते. ३६ तासांनी त्यांना सोडवले. एका माणसाच्या कापलेल्या बोटांपासून हे सुरू झाले. नियमांच्या जाड वह्या पाहून ज्यांना कंटाळा येतो, त्यांनी ही घटना नीट समजून घ्यावी.

एवढे धोके आहेत तर यंत्रे ठेवा, माणसे कशाला?

जग त्याच दिशेने गेले आहे. भारतातच गुजरातमध्ये पिपावावजवळ, किनाऱ्यापासून २३ किलोमीटरवर, समुद्रातला वारा मोजणारे केंद्र २०१७ मध्ये एका खांबावर बसवले, आणि तिथे कोणी राहत नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचे तरंगते बोये बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात मोजमाप करून उपग्रहामार्फत पाठवतात. उपग्रह पृष्ठभागाचे तापमान स्वतःच पाहतात, फक्त पाण्याखालचे थर त्यांना दिसत नाहीत.

पण यंत्रालाही भेट द्यावी लागते. त्यावर शिंपले चढतात, बॅटरी संपते, तार तुटते. माणूस वर राहत नसला तरी दर काही महिन्यांनी कोणाला तरी त्या शिडीवर पाऊल ठेवावेच लागते. धोका विरळ झाला, संपला नाही.

अमेरिकेने मधला एक मार्गही काढला होता. १९६२ साली बांधलेले फ्लिप नावाचे १०८ मीटर लांबीचे तरते यान. ते आडवे ओढत न्यायचे, मग टाक्यांत पाणी भरून उभे करायचे. ९० मीटर पाण्याखाली, बाकीचे वर. इतका खोल गेलेला भाग लाटेबरोबर फारसा डुलत नाही, त्यामुळे मनोऱ्याची स्थिरता मिळते आणि हवे तिथे नेताही येते. उभे होताना भिंतीची जमीन व्हायची, म्हणून आत काही ठिकाणी बेसिनही दोन-दोन बसवली होती. साठ वर्षे काम करून ते २०२३ मध्ये निवृत्त झाले.

आपल्या नौदलाने काय केले?

कोचीत नौदलासाठी काम करणारी संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळा आहे, नेव्हल फिजिकल अँड ओशनोग्राफिक लॅबोरेटरी. तिच्यासाठी आयएनएस सागरध्वनी हे संशोधन जहाज १९९४ पासून फिरते आहे. आणि एप्रिल २०२४ मध्ये सोनारच्या चाचण्यांसाठी स्पेस नावाचा तरंगता मंच सुरू झाला, तो समुद्रात नाही. केरळच्या डोंगरात, इडुक्कीच्या धरणाच्या जलाशयात, कुलमावू इथे आहे. वरचा भाग पाण्यावर तरंगतो, आणि खालचा भाग विंचने शंभर मीटर खोलीपर्यंत सोडता येतो. पाणी खोल, लाटा नाहीत, जहाजांचा गोंगाट नाही, आणि रोज सकाळी होडीने जाऊन संध्याकाळी घरी परतता येते.

काहींना हे कमीपणाचे वाटते: नौदलाचे संशोधन आणि तलावात! मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. उपकरण नीट बनले आहे का, हे पाहायला खारे पाणी लागत नाही, शांत आणि खोल पाणी लागते. समुद्राचे थर, त्याचा आवाज, पावसाळ्यातली ढवळण मात्र तिथे मिळत नाही. ती शिकायला समुद्रातच जावे लागते, आणि तिथे जहाज, बोये आणि माणसे यांची जोड लागते. दोन्ही कामे वेगळी आहेत, आणि जिथे जीव धोक्यात घालायची गरज नाही तिथे तो घालू नये.

आपल्याकडून कोणाला जायचे असेल तर

बेळगाव-चिकोडीकडचे आयटीआय झालेले फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन समुद्रावरच्या कामांना जाऊ शकतात, आणि घरच्यांना पगाराखेरीज काही कळत नाही. पोहायला शिकून जा, आणि विहिरीबरोबर वाहत्या पाण्यातही पोहा. हेलिकॉप्टरमधून पाण्याखाली सुटण्याचे प्रशिक्षण देण्याआधी कोणी पाठवत असेल तर जाऊ नका. माणसे कशी चढवतात, दोराने की बास्केटने की हवेतून, आणि कितीच्या लाटेवर ते थांबवतात, हे ठेकेदाराला सही करण्याआधी विचारा. ज्याला हा आकडा सांगता येत नाही, त्याच्याकडे तो ठरलेलाच नाही असे समजा. होडीच्या कडेवर उभे राहिल्यावर मन कचरले, तर "आत्ता नको" म्हणायचा हक्क चांगल्या जागी प्रत्येक प्रवाशाला असतो, मग तो मुख्य अभियंता असो की पहिल्या दिवशीचा हेल्पर. तसे म्हटल्यावर होडी मागे घेतात आणि पुढच्या वेळेची वाट पाहतात.